आटोपलं

"दादा, आप्पांचं आटोपलं," सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला. पोरांना कसंबसं "वाचत बसा" म्हणून ते वर्गाबाहेर पडले आणि मिळेल त्या बसमध्ये चढले. परत फोन लावायचा धीर झाला नाही.

बापलेकांनी सहा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आप्पा चाळीस वर्षं एकहाती शब्दकोश करत होते. एकदा भांडणाच्या भरात मास्तर बोलून गेले, "कोश संपायच्या आधी तुम्हीच संपाल." आप्पा एवढंच म्हणाले, "वाक्य शुद्ध आहे." मग दोघंही हट्टाला पेटले. खाण तशी माती.

बसच्या खिडकीशी मास्तरांना रडू आवरेना. काय माणूस होता! रंधा मारण्याचा एक शब्द नीट कळावा म्हणून सुताराच्या दुकानात दिवसभर भुसा खात बसायचा. बोलणं तोलूनमापून, चुकीचा शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकला नव्हता. आणि अशा माणसाची माफी मागायची राहून गेली.

घराचं दार उघडंच होतं. आप्पा टेबलाशी बसले होते. गुळगुळीत दाढी, अंगात इस्त्रीचा सदरा.

"अगं बाई!" बाई चपापल्या. "अहो, अंघोळ-नाश्ता आटोपला म्हणत होते मी. रोज तुमच्या बहिणीला, ताईंना कळवते ना. आज चुकून तुमचा नंबर लागला."

मास्तर आप्पांच्या पायाशी बसले. मग म्हाताऱ्याच्या मांडीवर डोकं टेकून म्हणाले, "चुकलो, आप्पा."

आप्पा बराच वेळ त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिले.

"केस पिकले की रे तुझे. राहा चार दिवस. माझा हात कापतो, 'ह' तेवढा राहिलाय. लिहून घेशील?"

"घेतो."

जेवण झाल्यावर आप्पांचा डोळा लागला. सकाळचा घोटाळा कोशात नोंदवण्याजोगा होता, म्हणून मास्तरांनी हसतच कार्डांचा 'आ'चा खण ओढला. कार्ड आधीच तयार होतं, गेल्या आठवड्याच्या तारखेचं, आप्पांच्या कापऱ्या अक्षरात:

"आटोपणे. १. काम उरकणे. २. मरणे. बाईंनी पहिल्या अर्थाने बोलून लगेच फोन ठेवावा. मुलगा दुसरा अर्थ घेईल आणि येईल."