वाजण्याची ग्यारंटी

संध्याकाळी नजमुद्दीन ओट्यावर गिटार घेऊन बसला की शेजारी अहमदच्या घरात भाकरी करपायची. त्याच्या बायकोचं, बिल्किसचं, चित्त तव्यावर राहायचंच नाही. नजमुद्दीननं बोटीवरच्या नोकरीतून आणलेली ती गिटार जुनी होती, पण अहमदच्या पोटातली आग रोज नव्यानं पेटायची. शेवटी त्यानं ती गिटार विकतच घ्यायचं ठरवलं, म्हणजे शेजार तरी गप्प होईल.

"जुनी चीज हाय, नजमुद्दीनभाय. वाजली न्हाय तर?"

"वर्षाची ग्यारंटी! न्हाय वाजली तर मी हाय ना."

आठवडाभर अहमदनं ती छातीशी धरून खाजवली. कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, पण सूर काही निघेना. तो तणतणत शेजारी गेला.

"वाजत न्हाय. ग्यारंटी पाळ!"

नजमुद्दीन शब्दाचा पक्का. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी अहमदच्याच ओट्यावर येऊन गिटार वाजवून देऊ लागला. चहा अहमदचा, आणि करपलेली भाकरीही अहमदलाच.

एके रात्री जेवण वाढताना बिल्किसनं नवऱ्याला हळूच विचारलं,



"अवो, ही ग्यारंटी वाढवून मिळते काय?"