दोनशे तेरा नापास

“काही फरक नाही,” कानसेनांनी निकाल दिला आणि दोन्ही इअरबड काढून काउंटरवर ठेवले. “घातले तरी तेच, काढले तरी तेच. आणि ह्याला अर्धा पगार?”

विक्रेती मुलगी चक्रावली. बाहेरचा आवाज गिळून टाकणारे हे इअरबड दुकानातली सगळ्यांत महाग चीज होती. ते घालून बघणारं प्रत्येक गिऱ्हाईक पहिल्याच क्षणी डोळे विस्फारायचं. ह्या गृहस्थांची भुवईसुद्धा जागची हलली नव्हती. ती घाईघाईने काहीतरी समजावू लागली. कानसेनांना तिचे ओठ तेवढे हलताना दिसले. हल्लीच्या मुली पुटपुटतात, हे त्यांचं दोन वर्षांपासूनचं मत होतं.

मनातून मात्र ते उड्या मारत होते. महागड्या वस्तूत खोट सापडली की त्यांचा दिवस सोन्याचा व्हायचा. गाड्यांचे हॉर्न बनवणाऱ्या कारखान्यात ते सव्वीस वर्षं तपासनीस होते. हॉर्न दाबायचा, ऐकायचा, बरा असला तर हिरव्या खडूची खूण, नसला तर लाल फुली. दिवसाला चारशे. कानात बोळे घालायचा नियम होता, पण बोळे घालून हॉर्न तपासणं म्हणजे डोळे मिटून रंग निवडणं, म्हणून तो त्यांनी एक दिवसही पाळला नाही. कारखान्याचा त्या कानांवर एवढा विश्वास, की त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

आणि आता कारखान्याने आवाज मोजायचा मीटर आणला. दोन महिन्यांत कानसेनांनी दोनशे तेरा हॉर्नांवर लाल फुली मारली. कारण एकच, आवाज मेलेला. मीटरने त्याच दोनशे तेरांना पैकीच्या पैकी मार्क दिले. नव्या इंजिनिअर बाईंनी अदबीने तीनदा विचारलं, की काका, एकदा कान दाखवून घ्यायचे का. तिसऱ्यांदा काकांना कळलं. त्यांनी तितक्याच अदबीने विचारलं, की मीटर कुणाला दाखवला होता का. शेवटी मॅनेजरने जाहीर केलं, उद्या सकाळी सगळ्यांसमोर फैसला. कान हरले तर निवृत्तीपर्यंतचे सहा महिने काकांनी पॅकिंग खात्यात खोक्यांना चिकटपट्टी लावायची.

कान दमले असतील, आज संध्याकाळी त्यांना कडकडीत शांतता द्यावी, म्हणजे सकाळी धार येईल, अशा बेताने कानसेनांनी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. शांतता विकत मिळते हे बायकोने सांगितलं. दुकानही तिनेच शोधलं. येताना तिने त्यांना दंडाला धरून मागून आलेल्या टेम्पोच्या वाटेतून ओढलं, तेव्हा हल्लीचे ड्रायव्हर हॉर्नच वाजवत नाहीत म्हणून ते हळहळले होते.

“आता पक्की चाचणी,” ते म्हणाले आणि पिशवीतून एक हॉर्न काढला. त्याला छोटी बॅटरी जोडलेली होती आणि वर लाल फुली होती. धड हॉर्न कारखान्याबाहेर कोण नेऊ देणार? इअरबड घालून त्यांनी बटण दाबलं. दारातल्या माणसाच्या हातून हेल्मेट पडलं. विक्रेती मुलगी खाली बसली.

“बारीकसा आला,” कानसेन म्हणाले. इअरबड काढून पुन्हा दाबलं. “आताही तेवढाच. बघा, मेलेला आवाजसुद्धा ह्यांना अडवता येत नाही.”

मुलगी काउंटरखालून वर आली. बायकोने वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलीने बायकोकडे पाहिलं, मग कानसेनांकडे, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिने इअरबड पुन्हा त्यांच्या कानांत बसवले आणि आपल्या फोनवर बोट सरकवलं.

“काका,” ती म्हणाली, “आता उलटं लावलंय. बाहेरचा आवाज वाढून आत येईल.”

पोरगी चक्क स्पष्ट बोलत होती. कानसेन काही म्हणणार, तोच डोक्यावरचा पंखा कुरकुरला. मग कुठेतरी प्लास्टिकची पिशवी चुरचुरली. कुणाची तरी चप्पल फटक फटक वाजत गेली. रस्त्यावर चार हॉर्न होते, चारही निरनिराळ्या सुरांचे, आणि त्यातले दोन त्यांच्या कारखान्याचे. कानसेन एकेका आवाजाकडे बोट दाखवत दुकानभर फिरू लागले. आणि ह्या सगळ्यात, पाठमोऱ्या उभ्या बायकोचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा.

“दोन वर्षं झाली. ह्यांना ऐकू येत नाही, हे ह्यांना सांगायचं तरी कसं.”

कानसेन थबकले. “अगं, मग आधी का नाही बोललीस?”

“रोज बोलते,” बायको म्हणाली.

कानसेन काउंटरपाशी आले. लाल फुलीचा हॉर्न त्यांनी दोन्ही हातांत धरला, आणि एकदाच, अगदी हलकं, बटण दाबलं.

ते वीतभर उडाले. बायकोने त्यांना सावरलं, पण ते हसत होते. असा भरदार, असा खणखणीत हॉर्न त्यांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. त्यांनी शर्टाच्या बाहीने लाल फुली पुसली. खिशातून हिरवा खडू काढला आणि ठसठशीत खूण केली.

मुलीने विचारलं, खोक्यात घालून देऊ का?

“नको. कानांतच राहू देत,” कानसेन म्हणाले. खिशातून पाकीट काढून त्यांनी बायकोच्या हातात कोंबलं आणि ते दाराकडे निघालेसुद्धा. “एवढं आटप आणि लवकर ये. कारखाना सुटायला तासच उरलाय, आणि अजून दोनशे बारा राहिलेत.”