फिरायला चांगला रस्ता

पाहुणा आलेल्या जोनाथनशी लेक शीराचं जमलं, तर दीनाबाईंना इस्रायलचा जावई, विमानाची सफर आणि थोरल्या जावेवर कायमची मात, एवढं सगळं एकाच लग्नात साधणार होतं. पाहुणा सकाळी दोन हातांत दोन काठ्या घेऊन चालायला निघाला; तिकडचा नवा व्यायाम म्हणे. दीनाबाईंनीच शीराला सोबत धाडलं, रोह्यातल्या छान छान जागा दाखवायला.

दुपारी थोरली जाऊ नाओमी दारात हजर. "दीना गो, पोरगा दोन काठ्यांवर चालतो?"

"व्यायाम हाय तो!"

"व्हय, आपल्या सासऱ्यांचाही असाच सुरू झाला होता."

संध्याकाळपर्यंत अख्खं रोहा हळहळलं. शेवटी दीनाबाईंचाही धीर सुटला आणि त्यांनी नकार कळवला.

मग त्यांनी शीराला विचारलं, "कुंडलिका नदीवर एवढा चांगला रस्ता असताना त्याला भर बाजारातून कशाला गो फिरवलंस?"

"आई, नदीवर बघायला असतं कोण?" शीरा म्हणाली.