खुंटीवरचं कार्डिगन

भिंतीला आडवी भेग.

दाराशी चपला, बाहेर तोंड करून ठेवलेल्या.

कार्डिगन हे नाव म्हणे एका इंग्रज सरदारावरून पडलं. पुढून उघडतं, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसालाही घालता येतं.

सोनलचा खोकला. कडी काढून टाकलेलं दार. एक खुंटी.

तलासरीजवळच्या त्या पाड्यावर दिवाळीपासून जमीन गुरगुरत होती. आधी पोटातून घुमल्यासारखा आवाज, मग हादरा. सगळा पाडा अंगणात प्लास्टिक बांधून राहत होता. पण सोनलला ताप होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, पोरीला गारठ्यात झोपवू नका. म्हणून तिची आई जयमाला घरात होती, आणि प्रत्येक श्वास वर कौलांकडे बघत घेत होती.

युक्ती प्रल्हादची, तिच्या नवऱ्याची. तो पाड्यावरच्या शाळेत गुरुजी होता. अच्छाडला हायवेवरच्या कपड्यांच्या ढिगातून त्याने आईसाठी मातकट रंगाचं एक लोकरी कार्डिगन आणलं होतं. तेच तिच्या अंगातून काढून त्याने खुंटीला अडकवलं. मागे पत्र्याची पेटी उभी केली. घर जरा हललं, की लाकडी बटणं पत्र्यावर वाजणार.

"वाजली की पळायचं," तो म्हणाला. "तू सोनलला घे, मी आईला उचलतो."

"मना थंडी वाजंल रं," खाटेवरून नवशी म्हणाली. तिचे पाय दोन वर्षं हलले नव्हते.

"गोधडी आहे ना, आई."

खाट खुंटीखालीच होती. कार्डिगनचा काठ उशाशी लोंबत राहिला. दुसऱ्या दिवशी तो उसवलेला दिसला. उंदीर असतील, जयमालाला वाटलं. तिला उंदरांची भीती उरली नव्हती.

काल सकाळी बटणं वाजली. आज दिवेलागणीला पुन्हा.

टक. टकटक.

जयमालाने पोरीला उचललं, उंबरा कसा ओलांडला तिचं तिला कळलं नाही. अंगणात गुडघ्यांवर बसली. सोनलचं डोकं दोन्ही हातांनी झाकून ती कौलं पडायची वाट बघत राहिली.

काहीच पडलं नाही. शेजारचा बाबल्या चुलीपाशी बिडी ओढत होता.

"काय गुरुजी," तो हसला, "आज पन तुमीच पयले!"

प्रल्हाद अंगणाच्या पार टोकाला उभा होता. हातात मोटारसायकलची किल्ली.

"बाबल्या, तुला हादरा जाणवला?" जयमालाने विचारलं.

"कुठला हादरा, बाय? कुत्रा तरी भुंकला का?"

जमीन घुमली नव्हती, तेव्हा तिच्या लक्षात आलं. काल सकाळीही नाही. मग बटणं वाजवली कोणी?

सोनलला कडेवर घेऊन ती दबकत आत गेली. मागून प्रल्हाद. कार्डिगन अजून झुलत होतं. वारा नव्हता.

नवशी टक्क जागी होती. तिने आधी सोनलकडे पाहिलं, मग जयमालाकडे, मग मुलाकडे. त्याच्याकडे बराच वेळ.

"समदे निघालंत ना?" तिने शांतपणे विचारलं.

"हो आई," तो म्हणाला. "सगळे."

"बरं झालं." नवशीने हात गोधडीत ओढून घेतला.

कार्डिगन खुंटीला लागलं त्याच दुपारी, जयमाला पाण्याला गेली आणि सोनल झोपली असताना, तिने काठाची वीण सोडवून लोकरीचं टोक आपल्या बोटाला बांधलं होतं.