कमी पडलेली खडी

खडी आजही कमी पडली होती.

थोरलीनं खणलेल्या अंगणात उतरून मोजपट्टी उभी धरली. पेव्हर ब्लॉकच्या खाली सहा इंचांचा थर हवा होता. पट्टी पावणेपाच दाखवत होती. तिनं चारही कोपऱ्यांत मोजलं. सगळीकडे तेच. वर पाहिलं, तर नवा मिस्त्री नळावर निवांत हात धूत होता, जसं काही झालंच नाही.

पहिल्याच दिवशी! सकाळी तर त्याला कामावर घेतलं होतं.

बागा आणि अंगणं करून देण्याचा हा धंदा वडिलांच्या मागे तिच्याकडे आला होता. कामावर मिस्त्री म्हणून धाकटा भाऊ असायचा, अंदाजपत्रक ती काढायची. वडील नजरेनं जागा जोखायचे आणि खडीचा आकडा सढळ हातानं लिहायचे. तिला ते कधी पटलं नव्हतं. लांबी, रुंदी, खोली, झाला गुणाकार; वरचं कशाला? तिनं वडिलांच्या आकड्यांची सूज उतरवली. दर खाली आले, कामं वाढली. गिऱ्हाईकं म्हणायची, इतका चोख अंदाज कुणी देत नाही.

आणि तेव्हापासून प्रत्येक कामावर खडी कमी पडू लागली. दर वेळी ट्रकची आणखी एक खेप, आणि नफा तिथंच मातीत. चोर मोठा शिस्तीचा होता. अंगण लहान असो की मोठं, बरोबर पाचवा हिस्सा जायचा. त्या शिस्तीचाच तिला जास्त संताप यायचा. कुणीतरी आपल्याला खुळ्यात काढून मोजून-मापून चोरतंय.

तिनं धाकट्याच्या पावत्या चाळल्या. भावजयीच्या पायातल्या नव्या चपला पाहिल्या. म्हातारा मजूर आणि त्याची बायको वीस वर्षं वडिलांच्या हाताखाली राबलेली. त्यांच्या घरामागेही ती एकदा ढीग दिसतो का म्हणून डोकावून आली. शेवटी गेल्या सोमवारी तिनं धाकट्याला आणि त्या म्हाताऱ्या नवरा-बायकोला ऑफिसात उभं केलं. तासभर वादावादी झाली आणि धाकट्यानं खाली मान घालून सांगितलं, "मी विकली."

तिनं त्याला उभ्या उभ्या कामावरून काढलं. घरी आल्यावर ती रडली. पण आत कुठंतरी बरंही वाटलं, आपला संशय खोटा नव्हता म्हणून.

आज मात्र ती डोळ्यांत तेल घालून बसली होती. ट्रक तिच्यासमोर रिकामा झाला. मिस्त्री पाणी प्यायला गेला तेव्हा तीही मागोमाग गेली. खडी पसरून झाली, थर ठोकायचं धुमसाचं मशीन सुरू झालं, आणि तेवढ्यात घरमालकिणीनं ब्लॉकचा रंग ठरवायला तिला आत बोलावलं. दहा मिनिटं. तेवढीच नजर हटली होती. परतल्यावर ती आधी फाटकाबाहेर जाऊन गल्लीची दोन्ही टोकं बघून आली. चिटपाखरू नव्हतं.

"मिस्त्री, खडी कुठं गेली?"

"कुठं जाणार? तुम्ही उभ्या आहात तिच्यावर."

"दीडशे घनफूट उतरवली. सहा इंच भरायला हवी होती."

"भरली होतीच की. मग धुमस मारली." तो शर्टाला हात पुसत जवळ आला. "सैल खडी दाबली की बसते, मॅडम. म्हणून पावपट जास्त धरायची. हा अंदाज काढला कुणी?"

 तिचा चेहरा पाहून मिस्त्रीनं एका कोपऱ्यातली खडी उकरली, बादली काठोकाठ भरली आणि लाकडी ओंडक्यानं ठोकायला लागला. ती टक लावून बघत होती. एक खडा बाहेर उडाला नाही, कुणाचा हात लागला नाही, आणि बादलीतली खडी खाली खाली जात राहिली. चार बोटं रिकामी झाली तेव्हा तो थांबला.

"आधीच्या मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी म्हटलं, चोराच्या हातात दगडसुद्धा आटतात."

मिस्त्री बादली पालथी करून कामाला लागला.

ती तशीच, धुळीच्या चपलांनी धाकट्याच्या घरी गेली. भावजयीनं दार उघडलं आणि 'ये' न म्हणता आत वळली. धाकटा बाहेर आला. उद्यापासून कामावर ये, एवढंच सांगायचं असं तिनं वाटेत ठरवलं होतं. पण त्याला समोर बघून तोंडून दुसरंच निघालं.

"खडी कुणी चोरलीच नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"तू एक खडाही विकला नाहीस."

"नाही."

"मग कबूल का केलंस? सगळ्यांसमोर? मी तुला चोर म्हणाले, आणि तू हो म्हणालास!"

धाकट्यानं दाराच्या चौकटीवर हात टेकला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोसला असता.

"खरं सांगून झालं होतं, ताई. तू पोलिसांना फोन लावत होतीस, आणि ती म्हातारी दोघं माझ्याकडे बघत होती."