दुसरी रेघ

लेक अखिलाने बेंगळुरूहून कुरियरने पाठवलेल्या दहा छापील पट्ट्यांवर सूर्यनारायणरावांची नोकरी टांगलेली होती. नोकरी कसली, बिनपगारी. पण भूजल खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना सकाळी उठायला तेवढंच कारण उरलं होतं.

मंगळाभोवती फिरणारं एक यान खाली रडारच्या लहरी सोडतं. परतणारे प्रतिध्वनी पट्टीवर रेघांसारखे उमटतात. पहिला जमिनीचा, ठळक. त्याच्या खाली आणखी एक पुसट रेघ दिसली, तर ती बहुधा पुरलेल्या बर्फाची. दिवसा मंगळाची वरची हवा या लहरी गढूळ करते, मग संगणकाचीही पंचाईत होते. तिथे माणसाची नजर लागते.

"या दहांची उत्तरं आमच्याकडे आहेत, अप्पा," अखिलाने फोनवर बजावलं होतं. "आठ तरी जुळायला हवीत. नाहीतर आमच्या संस्थेतले सर मला तुम्हाला आणखी पट्ट्या पाठवू देणार नाहीत."

कॉफी झाली की अप्पा ती दुसरी रेघ आखायला लाल पेन्सिल घेऊन बसत. "उजेड कमी झालाय गे," म्हणत भर उन्हातही खुर्ची खिडकीकडे सरकवत. जेवून ते आडवे झाले, की त्यांची बायको चंद्रमती पट्ट्यांचे फोटो काढून लेकीला धाडायची. तेवढ्याला तिला तास लागायचा.

"दारातली एवढी मोठी कोलमाची रांगोळी पाच मिनिटांत घालतेस," अप्पा चिडवत, "आणि चार फोटो काढायला तास?"

"कोलमाचं सोपं असतं. आधी ठिपके मांडले की रेघ आपली सापडते," ती म्हणायची.

चौथ्या दिवशी अखिलाचा फोन आला. "दहाच्या दहा जुळल्या, अप्पा. पण रेघेवर हे बारीक ठिपके कसले?"

"मी नाही की काढत ठिपके. तुझ्या अम्माच्या फोनला डाग असतील."

अखिलाने फोटो मोठा करून पाहिला; ठिपके कोलमासारखे सारख्या अंतरावर होते. "असतील," म्हणाली.

पट्ट्या येत राहिल्या. पुढच्या पोंगलच्या सणाला ती घरी आली ती छापलेला शोधनिबंध घेऊनच. शेवटच्या पानावर आभार होते. अप्पांनी हात पुढे केला.

"अम्माला वाचू दे," म्हणत तिने पान आईकडे दिलं.

चंद्रमती इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत गेली. एका ओळीवर बोट थांबलं आणि तिचे डोळे भरले. तिने लेकीकडे पाहिलं. लेक कॉफी निववत बसली होती.

"वाच की गे. माझं नाव नीट छापलंय ना?"

"नीट छापलंय. सूर्यनारायण राव, तंजावूर."

"परत वाच."

तिने परत तेच वाचलं. त्या ओळीत एकच नाव होतं, चंद्रमती.