एकसारखे बाण

बसा जरा, असे दारात ताटकळू नका. एका सुनेची आणि तिच्या सासऱ्याची गोष्ट सांगतो. मोठी नाही, पण घशात अडकते.

सासरा बाण बनवणारा, सून ते सोडणारी. उद्या सकाळी तिची तिरंदाजीची निवड चाचणी. निवडली गेली तर वर्षभर परगावी, शिबिरात. सासऱ्यानं तिला खास नवे कोरे बाण करून दिलेले. तिनं दुपारी मैदानावर सोडून पाहिले, तर झाडून सगळे उजवीकडं. मेंढरांसारखे, एकामागून एक.

ती तडक त्याच्या कामाच्या खोलीत शिरली. सासरा पिसं चिकटवत बसला होता. तिनं दोन खुंट्यांवर एक बाण आडवा ठेवला, मधोमध वजन लटकवलं. दांडा किती वाकतो ते तिथला काटा सांगतो; आकडा मोठा, तर दांडा मऊ. काटा सातावर. दुसरा ठेवला, सातावर. तिसरा, चौथा, सगळे झाले. काटा सात काही सोडेना.

"बघ, बघून घे," सासरा मान वर न करता म्हणाला. "माझ्या हातून कधी दोन बाण वेगळे निघालेत?"

मग तिनं पिशवीतून एक पिसं झडलेला बाण काढला. गेल्या वर्षीचा, त्याच्याच हातचा. तो ठेवला. काटा पाचावर थांबला.

"मामंजी, धनुष्य तेच, ओढ तीच. मग नवे एवढे मऊ कसे? मऊ दांडा उजवीकडंच पळतो."

"लाकूडच तसं आलं असेल. चुकतं माणूस कधी कधी."

"चुकतं ना. पण चूक असती, तर एखादा तरी सरळ गेला असता."

सासऱ्याच्या बोटाला पीस चिकटलं. ते तो उगाच खरवडत बसला. आतून अंथरुणाला खिळलेल्या सासूनं हाक मारली, कूस बदलून द्यायला.

"ऐकलंस?" सासरा म्हणाला. "नवरा तुझा जहाजावर. तू गेलीस की हिला उचलायचं कुणी? माझी कंबर बघतेस ना?"

म्हातारा ओशाळला. त्यानं करवत तिच्याकडं सरकवली.

"घे. दोन बोटं काप सगळे. दांडा आखूड झाला की कडक होतो. जातील सरळ. जा तू."

आखूड दांडा कडक होतो, हे तिलाही ठाऊक होतं. पण किती कापायचं, हे त्या घरात एकालाच कळायचं, आणि त्यानंच हे बाण मुद्दाम मऊ केलेले. बोटभर जास्त गेलं, तर ओढताना टोक हातात घुसणार. आणि कापलेलं लाकूड काय परत जुळतं होय?

करवत हातात धरून ती अजून उभीच आहे. तुमच्यात कुणी बाण बनवणारं असेल, तर पुढं या बाबांनो, आणि सांगा तिला: एक बोट की दोन?